फिरत्या घराची गळती

घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाया, भिंती आणि छप्पर या गोष्टी येतात. घर जागचे हलत नाही, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु माणसाला घरही हवे असते आणि हिंडणेही हवे असते. या दोन परस्परविरोधी इच्छांच्या पोटी फिरत्या घराचा जन्म झाला. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची, दोन घोड्यांनी ओढायची एक राहती गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतली. पुढे मोटारी आल्या आणि १९५१ पासून जर्मनीतील वेस्टफालिया कंपनी फोक्सवॅगनच्या छोट्या बसगाडीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून देऊ लागली. आपल्या महाराष्ट्रात शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. मिनीबसच्या आतील आसने काढून तेथे पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छोटे न्हाणीघर बसवलेल्या गाड्या आता आपल्या रस्त्यांवरही दिसतात.

ह्या गाड्यांविषयी बोलताना लोक बहुधा त्यांतील सुखसोयींविषयी बोलतात. मला मात्र त्यांच्या गळतीविषयी लिहावयाचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पत्रा, रबर आणि प्लायवूड यांविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. त्याचे कारण एवढेच की, कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या मामांचे गाड्यांच्या बॉडीचे छोटेसे गॅरेज आहे आणि सुटीत मी तेथे हाताखाली काम करतो. २०२४ सालच्या जुलै महिन्यात तेथे असे एक फिरते घर दुरुस्तीला आले. त्या दुरुस्तीत मी जे पाहिले ते गाडी नसलेल्यालाही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

घर उभे असते, गाडी धावते

आपल्याकडे एक म्हण आहे : वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. कौलारू घरात राहणाऱ्या माणसाचा हा शेकडो पावसाळ्यांचा अनुभव आहे. कौले एकावर एक अशी रचलेली असतात की, वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलावर पडावे आणि शेवटी पागोळीतून अंगणात जावे. दोन कौलांच्या मध्ये फट असते, पण पाणी वर चढत नसल्यामुळे त्या फटीतून ते आत येत नाही. म्हणजे आपले जुने छप्पर काही बंद डबा नसते. त्याला शेकडो फटी असतात. तरी ते गळत नाही, कारण पाण्याला जायची वाट ठरवून दिलेली असते.

गाडीच्या बाबतीत मात्र ही म्हण पूर्णपणे लागू पडत नाही. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे पाण्याचा चिकटपणा. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर त्यांच्यामधले पाणी खाली पडत नाही, उलट अरुंद फटीत ते वरही ओढले जाते. पत्र्यावर पत्रा ठेवून रिबिटे मारलेली असतात, त्या सांध्यात हेच घडते. शिवाय किटलीतून चहा ओतताना धार जशी तोटीला चिकटून खालच्या अंगाने ओघळते, तसेच पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून हातभर दूर जाते आणि मग कोठेतरी गळते. त्यामुळे जेथे पाणी दिसते तेथेच ते शिरले, असे समजणे चुकीचे ठरते.

दुसरे कारण म्हणजे हादरे. घराच्या भिंती आपल्या जागी असतात. गाडीची बॉडी प्रत्येक खड्ड्यात थोडी पिळली जाते. त्यामुळे सांध्यात भरलेला, वाळून कडक झालेला मसाला तडकतो आणि केसाएवढी फट पडते.

तिसरे कारण म्हणजे वारा. तासाला ८० किलोमीटर वेगाने गाडी धावू लागली की वाऱ्याला थेट तोंड देणाऱ्या कडेवर जो दाब पडतो, तो सुमारे ३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतका असतो, असा हिशेब विज्ञान शाखेतील एका मित्राने मला करून दिला. वेग निम्मा केला तर हा दाब निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. याचा अर्थ असा की, वेगाने जाणाऱ्या गाडीत वळचणीचे पाणी दोन-तीन बोटे तरी वर चढू शकते. उभ्या गाडीत जी फट निरुपद्रवी असते, तीच धावत्या गाडीत तोंड उघडते.

गाडीतले पाणी तीन प्रकारचे

फिरत्या घरात ओल दिसली की सर्वप्रथम ती कोणत्या पाण्याची, हे ठरवावे लागते.

एक, आकाशाचे पाणी. हे टपावरील हवेच्या झडपेच्या कडेने, खिडक्यांच्या रबरातून, टपावर काही बसवताना मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून, मागील दिव्यांच्या खाचेतून किंवा दरवाजाच्या रबरातून आत येते.

दोन, टाकीचे पाणी. गाडीत पिण्याची व वापरण्याची टाकी असते आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप असतो. नळ उघडला की नळीतील दाब कमी होतो व पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब वाढून तो थांबतो. याच गुणाचा तपासणीसाठी उपयोग होतो. सर्व नळ बंद ठेवून पंपाचे बटण चालू करून ठेवावे आणि कान देऊन बसावे. कोणी पाणी घेतले नसताना पंप मधूनच गुरगुरला, तर नळीतून कोठेतरी पाणी जात आहे असे समजावे.

तीन, हवेतले पाणी. हे कोणाच्या लक्षात येत नाही. झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे सुमारे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की त्यातून सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. खिडक्या लावून चार माणसे झोपली आणि सकाळी चहा उकळला की ही सगळी वाफ थंड पत्र्यावर दव होऊन बसते. याला गळती म्हणत नाहीत. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे हवा खेळती ठेवणे.

ही तीन पाणी वेगळी न करता केलेली दुरुस्ती म्हणजे ताप कशाचा हे न पाहता दिलेले औषध होय.

पायऱ्यांचा गालिचा

आमच्याकडे आलेल्या गाडीची तक्रार फारच साधी होती. गाडीचे मालक पुण्याचे होते आणि ती पर्यटकांना भाड्याने देत असत. गाडीत चढण्यासाठी दाराच्या आत दोन पायऱ्या होत्या. त्यांवर खाली फोम आणि वर करड्या रंगाचा गालिचा चिकटवलेला होता. त्याला कुबट वास येऊ लागला होता आणि कडेला काळी बुरशी धरली होती. पाच दिवसांनी एक कुटुंब गाडी घेऊन कोकणात जाणार होते व त्यांच्याबरोबर एक वृद्ध आजीही होत्या. मालक म्हणाले, “मिस्त्री, बाकी काही नको. जुना गालिचा काढा आणि नवा चिकटवून द्या. एका दिवसाचे काम आहे.”

मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पेचकस घेतला आणि खालच्या पायरीच्या कोपऱ्यात गालिच्यावरूनच टेकवून दाबला. तो तीन बोटे आत गेला. लाकडाचा आवाजसुद्धा झाला नाही.

“साहेब, ही पायरी न्हाई, हा गालिचाच हाय नुसता,” मामा म्हणाले. “आजी ह्येच्यावर पाय द्येनार. नवा गालिचा मी चिकटवनार न्हाई. दुसऱ्याकडनं करून घ्या पायजे तर.”

मालकांना राग आला हे दिसत होते. गाडीचे भाडे ठरलेले होते, आगाऊ रक्कम घेतलेली होती. आमच्या गॅरेजलाही त्या महिन्यात काम कमी होते आणि एका दिवसाचे रोख पैसे सोडणे मामांना परवडणारे नव्हते. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग मालकांनी स्वतः तो पेचकस हातात घेतला, दुसऱ्या पायरीत घालून पाहिला आणि फोन लावून त्या कुटुंबाला आठवडाभर थांबण्याची विनंती केली.

आम्ही गालिचा सोलून काढला. खालचे प्लायवूड साधे, घरातील कपाटांना वापरतात त्या जातीचे होते. त्याचे पापुद्रे भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते. त्याखालील लोखंडी चौकटीवर गंजाचे पोपडे होते. गालिचा व फोम यांचा एकत्र गठ्ठा मामांनी मला भंगाराच्या काट्यावर ठेवायला लावला. वजन भरले ४ किलो २०० ग्रॅम. चार दिवस दिव्याखाली वाळवल्यानंतर तोच गठ्ठा २ किलो ७०० ग्रॅम भरला. म्हणजे दोन पायऱ्यांवर दीड लिटर पाणी बसून होते आणि वरून हात लावला तर गालिचा फक्त दमट लागत होता.

गालिच्याचा दोष पाणी आणण्याचा नाही, धरून ठेवण्याचा आणि लपवण्याचा आहे. उघड्या पत्र्यावर वाटीभर पाणी सांडले तर ते दिसते, पुसले जाते किंवा तासाभरात सुकते. तेच पाणी फोममध्ये गेले की लाकडाला दिवसरात्र ओलीची पट्टी बांधल्यासारखे होते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. त्याहून कोरडे लाकूड कुजत नाही. गालिच्याने तो ओलावा कायम पुरवला होता.

वाट शोधणे

आता पाणी आले कोठून, हा प्रश्न होता. प्रथम टाकी भरली, नळ बंद केले आणि पंप चालू ठेवला. मी रात्री उशिरापर्यंत त्या गाडीत पुस्तक घेऊन बसलो होतो. पंप एकदाही वाजला नाही. टाकीचे पाणी निर्दोष ठरले. गाडीत आठ दिवसांत कोणी झोपले नव्हते किंवा चूल पेटवली नव्हती, म्हणजे दवाचाही प्रश्न नव्हता. राहिले आकाशाचे पाणी.

पावसाच्या गळतीसाठी नळीने पाणी मारून पाहतात. त्याचा एक नियम आहे व तो फार महत्त्वाचा आहे : पाणी नेहमी खालून वर मारीत जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सर्व अंगावरून ओघळते आणि कोणत्या फटीतून आत गेले हे कळत नाही. आतील भिंतीचे अस्तर काढून, कोरडे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून मी आत बसलो. मामांनी प्रथम उंबऱ्याला दहा मिनिटे पाणी दिले. कागद कोरडे. मग दरवाजाच्या रबराला दिले. कागद कोरडे. नंतर दाराशेजारच्या सरकत्या खिडकीला दिले. पाच मिनिटे काही झाले नाही, आणि सातव्या मिनिटाला खिडकीखालचा कागद एकदम काळा पडला.

सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत पाणी येतेच. ते बाहेर जाण्यासाठी खोबणीला बाहेरच्या बाजूने बारीक भोके ठेवलेली असतात. आम्ही पाहिले तर ती सगळी भोके सिलिकॉन भरून बंद केलेली होती. पूर्वी कोणा कारागिराने गळती थांबवावी म्हणून दिसेल ते भोक बुजवले होते. पाण्याची जायची वाट बंद झाल्यावर खोबणी भरत असे आणि काठोकाठ भरली की पाणी आतल्या बाजूला सांडत असे. सात मिनिटे लागली ती खोबणी भरायला.

मला वाटले, काम झाले. टपावर पाणी मारले तेव्हा एक थेंबही आत आला नाही, त्यामुळे माझी खात्रीच पटली. पण मामांनी गाडीच्या चालकाला बोलावून विचारले, “पायऱ्या कधी जास्त वल्या व्हतात?” चालक म्हणाला, “गगनबावड्याला धो धो पाऊस होता, पण घाटात एवढं नाही झालं. परत पुण्याला जाताना हायवेला बारीक पाऊस होता, तेव्हा मात्र सगळं भिजलं.”

जास्त पावसात कमी गळती आणि कमी पावसात जास्त गळती. घाटात गाडी हळू चालते आणि हायवेला वेगाने, एवढाच काय तो फरक. म्हणजे हे पाणी वाऱ्याने आत ढकललेले होते व उभ्या गाडीवर कितीही पाणी मारले तरी ते दिसणार नव्हते.

त्यासाठी मामांनी उलटा प्रयोग केला. गाडीची सर्व दारे-खिडक्या लावून घेतली, एका खिडकीत फळी बसवून त्यात हवेचा ब्लोअर घट्ट बसवला आणि गाडीत बाहेरून हवा भरली. मग टपावर चढून साबणाचे पाणी ब्रशने लावले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात बुडवून काढतात, त्याचाच हा मोठा प्रकार होय. टपावरील हवेच्या झडपेच्या पुढच्या, म्हणजे वाऱ्याला तोंड देणाऱ्या कडेवर फेसाचे बुडबुडे येऊ लागले. आतून जेथून हवा बाहेर येते, तेथूनच बाहेरचे पाणी आत जाते. तेथून ते टपाच्या आडव्या कमानीला चिकटून दाराच्या खांबापर्यंत जात होते आणि खांबाच्या आतून उतरून थेट पायऱ्यांवर येत होते. झडप आणि पायरी यांत सहा-सात फुटांचे अंतर होते. पायरीशी बसून कोणी आयुष्यभर शोधले असते तरी ती फट सापडली नसती.

दुरुस्ती

झडपेच्या कडेने वरून मसाल्याची एक रेघ ओढली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. जुन्या, मळलेल्या आणि तडकलेल्या मसाल्यावर नवा मसाला धरत नाही. विशेषतः जुन्या सिलिकॉनवर तर काहीच नीट चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. म्हणून आम्ही झडप पूर्ण काढली, कडेचा जुना मसाला लाकडी पट्टीने खरवडून काढला आणि पत्रा स्पिरिटने पुसून घेतला.

याच वेळी दुकानातून आणलेल्या सिलिकॉनच्या ट्यूबवरील बारीक इंग्रजी मजकूर मामांनी माझ्यापुढे धरला. मामा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. त्यात लिहिले होते की, हा मसाला वाळताना आम्ल सोडतो आणि उघड्या धातूवर वापरल्यास धातू गंजू शकतो. त्याचा व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो त्याच आम्लाचा. “म्हंजे गेल्या वर्सी त्या ट्रकला गंज आला, तो ह्येच्यामुळं,” मामा म्हणाले. त्यांनी तो ट्रक लक्षात ठेवला होता, फक्त कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही ती ट्यूब परत केली.

त्याऐवजी झडपेच्या कडेखाली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घातली. ही पट्टी वाळून कडक होत नाही, त्यामुळे गाडी पिळली तरी ती पिळते आणि तुटत नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळीत गेलो, म्हणजे पट्टी सर्व बाजूंनी सारखी दबते. बाहेर आलेला भाग कापून टाकला. पत्र्याच्या सांध्यांत पॉलियुरेथेनचा मसाला भरून वर रंग दिला, कारण नुसत्या उन्हात तो लवकर खराब होतो. खिडकीची बुजवलेली भोके तारेने मोकळी केली. नव्या वस्तूंना खर्च आला, पण या भोकांना एक पैसाही लागला नाही आणि त्यांनीच अर्धी गळती थांबवली.

सगळे बंद करण्यापूर्वी लाकूड वाळवणे आवश्यक असते. ओले लाकूड वरून रंगवून बंद केले तर कुजणे आत चालूच राहते. आमच्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र नव्हते. मामांनी दाराजवळच्या फरशीच्या लाकडाचा एक तुकडा कापून घेतला, तो तेथेच पंख्याखाली व दिव्याच्या उष्णतेत ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ तोलला. वजन उतरत राहिले तोवर काम थांबवले. तीन वेळा तेच वजन आल्यावर, “आता मिटवा,” असे ते म्हणाले.

नव्या पायऱ्या

पायरी ही दिसायला साधी पण विचार करण्याजोगी वस्तू आहे. जिना उतरताना आपण प्रत्येक पायरी पाहत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पाय अंदाज घेतो आणि पुढे त्या अंदाजाने चालतो. म्हणून एखादी पायरी बोटभर उंच किंवा खोल असली तरी माणूस अडखळतो. आमच्या गाडीत जुने प्लायवूड १२ मिलिमीटरचे होते आणि त्यावर गालिचा व फोम मिळून आणखी १२. गालिचा काढून नुसते तेवढेच प्लायवूड बसवले असते तर दोन्ही पायऱ्या खाली गेल्या असत्या आणि शेवटचे पाऊल, म्हणजे पायरीवरून गाडीच्या फरशीवरचे, १२ मिलिमीटरने उंच झाले असते. म्हणून एकूण जाडी २४ मिलिमीटर राहील असा हिशेब केला : लोखंडी चौकटीवर २ मिलिमीटरची रबरी पट्टी, त्यावर १९ मिलिमीटरचे प्लायवूड आणि वर ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा नक्षीचा पत्रा.

प्लायवूड घेताना त्यावरील शिक्का पाहावा. आय. एस. ३०३ हा साध्या कामाच्या प्लायवूडचा आणि आय. एस. ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या, म्हणजे मरीन प्लायवूडचा मानक क्रमांक आहे. मरीन प्लायवूडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि तरीही त्याचे पापुद्रे सुटता कामा नयेत. मात्र चांगले प्लायवूडही कापलेल्या कडेतून पाणी पिते. म्हणून बसवण्यापूर्वी सर्व कडांना इपॉक्सीचे दोन हात दिले आणि स्क्रूसाठी पाडलेल्या भोकांच्या आतही ते ब्रशने भरले.

लोखंडी चौकटीचा गंज घासून काढून तिला रेड ऑक्साइडचा थर दिला. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओलसर जागी एकमेकांना भिडले की अॅल्युमिनियम झिजत जाते, त्यामुळे पत्रा चौकटीला लागू दिला नाही आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरले. ओल्या पायाने नक्षीचा पत्राही निसरडा होतो, म्हणून काठाला खरखरीत पिवळी पट्टी लावली. रात्री काठ दिसावा हाही तिचा उपयोग.

शेवटी मामांनी दोन गोष्टी केल्या. पायऱ्या पुढच्या बाजूला ३ मिलिमीटर उतरत्या ठेवल्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी सर्वांत सखल कोपऱ्यात १० मिलिमीटरची दोन भोके पाडली. त्यांत नळीचे तुकडे बसवून खाली चपट्या रबराचे तोंड ठेवले, म्हणजे आतले पाणी बाहेर जाईल आणि रस्त्याचा चिखल आत उडणार नाही.

मालक ते पाहून चकित झाले. “मिस्त्री, गळती थांबवायला दिली आणि तुम्ही भोके पाडता?”

मामा म्हणाले, “पावसातनं आलेला मानूस पायातनं पानी आनतोच की साहेब. त्येला जायाला वाट नगो? पानी लपलं म्हंजे गेलं न्हवं.”

गालिच्याची हौस असल्यास उचलता येणारी काथ्याची पायपुसणी ठेवावीत, असे त्यांनी सुचवले. ती झटकता येतात, वाळत घालता येतात आणि त्यांच्या खाली काय चालले आहे ते रोज पाहता येते. मालकांनी तशी दोन घेतली. नंतर ऑक्टोबरात गाडी दुसऱ्या कामासाठी आली, तेव्हा मी दाराच्या खांबाचे अस्तर काढून आत हात घातला. बोटाला कोरडी धूळ लागली.

या कामात एकूण आठ दिवस गेले. त्यांतले पायऱ्या करण्यात दोनच गेले. बाकीचे पाण्याची वाट शोधण्यात आणि लाकूड वाळण्याची वाट पाहण्यात गेले. ज्याला बिलात नाव नसते असे हे काम आहे. गिऱ्हाईक पैसे देते ते नव्या पत्र्याचे आणि पिवळ्या पट्टीचे. चालकाला विचारलेल्या एका प्रश्नाचे किंवा सहा वेळा तोललेल्या लाकडाच्या तुकड्याचे पैसे कोणत्या ओळीत लिहावे, हे मामांना ठाऊक नव्हते. ते बिल त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिले. त्यात ‘तपासणी’ अशी एक ओळ मी घातली आणि मामांनी तिच्यापुढे बराच वेळ विचार करून तीनशे रुपये मांडले. मालकांनी ती ओळ वाचली आणि त्या ठिकाणी स्वतःच्या हाताने हजार केले.

वाचकांपैकी कोणाकडे फिरते घर असण्याचा संभव कमीच. पण प्रत्येकाच्या घरात एखादी ओली भिंत, एखादी फुगलेली चौकट किंवा चटईखालचा एखादा कोपरा असतोच. तेथे नवा रंग देण्यापूर्वी किंवा नवे आच्छादन घालण्यापूर्वी जुने उचलून पाहावे. पाणी कोणते, ते केव्हा येते आणि ते कोणत्या वाटेने जाऊ शकेल, हे तीन प्रश्न विचारावे. आणि घरात जी व्यक्ती रोज ती जागा पुसते, तिला ते आधी विचारावे, कारण उत्तर बहुधा तिच्याजवळ असते.